त्या सकाळी वैशालीने काय पाहिलं

आमच्या भुईगावात माझ्या आजारपणाची गोष्ट अजून सांगितली जाते, आणि ती चुकीची सांगितली जाते. दामूअप्पांना धनुर्वात झाला, गळ्याला भोक पाडून नळी बसवली, माणूस बरा होत आला होता. तेवढ्यात नव्या सुनेने कफ ओढायची नळी आत जोरात घातली, रक्त आलं, ते तिने भीतीने लपवलं, आणि दुपारी अप्पा जाता जाता वाचले. अशी ती गोष्ट आहे.

त्यातला सुनेचा भाग खोटा आहे. तो खोटा आहे हे वैशालीला, म्हणजे माझ्या सुनेला, माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिसरा होता तो माझा मित्र इनास. तो आता नाही.

ज्यांच्या घरात कुणाच्या गळ्याला अशी नळी बसली आहे त्यांना या लिहिण्यातून काही उपयोग झाला तर चांगलंच आहे. म्हणून मधेमधे चार उपयोगी गोष्टीही सांगेन. पण मी लिहायला बसलो आहे तो वैशालीसाठी. ज्या घरांतून ती गोष्ट फिरली, त्यांतल्या निम्म्या घरांतली म्हातारी माणसं आता नाहीत. प्रत्येकाच्या ओट्यावर जाऊन सांगायचं म्हटलं तरी जमणार नाही.

विडा तोंडात जाईना

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची पानवेलीची वाडी आहे, थोडी केळी, थोडा मोगरा. केळीच्या खड्ड्यात शेणखत भरताना बांबूची काडी टाचेत घुसली. वाडीत काम करणाऱ्याला यात नवीन काही नाही. मी काडी उपसली, वर हळद आणि चुना दाबला आणि पुढच्या खड्ड्याकडे गेलो. इंजेक्शन घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही.

आठवडाभराने दुपारी जेवून विडा लावला, आणि तो तोंडात जाईना. दातच उघडेनात. माझी बायको मथुरा समोर बसली होती.

"बोलून बोलून दमला असेल जबडा," ती म्हणाली. "द्या त्याला दोन दिवस सुटी."

आम्ही दोघंही हसलो. हसताना माझे ओठ मागे खेचले गेले ते परत येईनात. मथुरा हसायची थांबली.

वसईतल्या आमच्या डॉक्टरांनी जास्त काही विचारलं नाही. त्यांनी लाकडी पट्टी माझ्या घशाच्या मागे टेकवली. कुणालाही अशाने उमासा येतो. मी ती पट्टी कचकन चावली. त्यांनी ती हळूहळू सोडवून घेतली आणि मथुराला व आमच्या शेखरला बाहेर बोलावलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

"पायाबियाला काही लागलं होतं का?"

"नाही," शेखर म्हणाला.

"हो," मथुरा म्हणाली.

मला काय झालंय हे कुणी सांगितलं नाही. पण शेखर आत आला तो माझ्या चपला हातात घेऊन, आणि त्या तो मला घालू देईना. मला उचलून गाडीत ठेवलं. मुलाने आपल्याला उचलावं एवढा मी म्हातारा नव्हतो तेव्हा. त्या दिवसाची तीच आठवण माझ्यापाशी सगळ्यात स्पष्ट आहे.

अंधारी खोली

आमच्याच तालुक्यातल्या एका रुग्णालयात मला ठेवलं. खोलीला जाड पडदे लावले होते. धनुर्वाताच्या रोग्याला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही. भांडं पडलं, दार वाजलं की सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं. शुद्ध असायची, म्हणजे ते सगळं कळायचं. पाठीचा कणा आता मोडणार असं वाटायचं. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

झटके वाढले, श्वास अडकायला लागला, तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवली. मला झोपेची औषधं होती. जाग आली तेव्हा मी मथुराला हाक मारली आणि आवाज आला नाही. पुन्हा मारली. तोंड हलत होतं, आत जोर लागत होता, बाहेर काही नाही. आपली वाचा गेली असं मला वाटलं. डोळ्यांतून पाणी कानात गेलं आणि ते पुसायला हात उचलेना.

ते पाणी वैशालीने पुसलं. ती माझ्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाली, "अप्पा, आवाज गेलेला नाही. हवा गळ्यातल्या नळीतूनच बाहेर पडतेय, वर पोचतच नाही, म्हणून आवाज येत नाही. नळी काढली की येईल. मी डॉक्टरांना दोनदा विचारलंय."

ज्यांच्या माणसाला अशी नळी बसणार असेल त्यांनी हे त्याला आधी सांगावं. आधी जमलं नाही तर डोळे उघडल्याबरोबर सांगावं. बाकी सगळं नंतर.

वैशाली

तिचं आणि शेखरचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. दोघांनी आपलं आपण जमवलेलं. तिचे वडील साताऱ्याकडचे, नोकरीनिमित्त मुंबईला आलेले आणि वसई पूर्वेला फ्लॅट घेऊन राहिलेले. ती फोर्टला एका ऑफिसात कामाला होती. मथुराला ती पसंत नव्हती असं नाही, पण आमच्या घरची बोली तिला येत नव्हती, पान खुडताना देठ किती ठेवायचा ते येत नव्हतं, आणि ती पंजाबी ड्रेस घालायची. मथुरा शेजारणींना म्हणायची, "आमची सून हुशार आहे. वाडीत पाहुण्यासारखी हिंडते."

त्या हुशार सुनेने रजा काढली आणि माझ्याजवळ बसली. मथुराला माझ्या गळ्याचं भोक बघवत नव्हतं. शेखर बघायचा आणि बाहेर जाऊन ओकायचा. नळीत कफ भरला की मशीनला जोडलेली बारीक नळी आत घालून तो ओढून घ्यावा लागतो. काम सिस्टरचंच, पण सिस्टर एक आणि रोगी पुष्कळ. कफ वाट बघत नाही. वैशाली शिकली. तिचा हात हलका होता. नळी आत जायच्या आधी ती म्हणायची, "अप्पा, आता खोकला येईल," आणि मगच घालायची. ती नसताना इतर कुणी करायचे तेव्हा मला फरक कळायचा. ज्या हाताला गावाने नंतर रासवट म्हटलं तो हा हात.

दाराची बिजागरी करकरायची आणि प्रत्येक वेळी मला झटका यायचा. तिने घरून खोबरेल तेलाची बाटली आणून बिजागरीत तेल सोडलं. तिथे काम करणाऱ्या कोळीवाड्यातल्या मावशींना ते इतकं आवडलं की त्यांनी ट्रॉलीच्या चाकांनाही ते पाजलं. या मावशींचीही मला आठवण आहे. मी पाण्यासाठी जीभ बाहेर काढायचो तर त्या म्हणायच्या, "पानी नाय देता येत काका, घशात जाईल. कापूस ओला करून लावते. ओठांना पानी, पोटाला नलीतून. दोनी खूश."

झटके कमी झाल्यावर वैशालीने माझ्याशी बोलायची रीत काढली. ती विचारायची, मी डोळे मिटून हो म्हणायचो.

"काही हवंय? उशी? नाही. पंखा? नाही. आई? नाही. मग वाडीचं काही आहे?"

हो.

"केळी? मोगरा? पानवेल? हां, पानवेल. तिचं काय, पाणी? पाणी सोडलं शेखरने. खत? नाही. मग? मांडव? वेल बांधायचे राहिलेत?"

हो, हो.

"हे आधी नाही का सांगायचं," ती म्हणायची, जणू मीच वेळ लावला. अशा विचारण्यातून ती अख्खी वाडी शिकली. आमच्या अंगणात उभं राहून इतक्या महिन्यांत जे तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते तिने एका मुक्या माणसाकडून काढून घेतलं.

इनास

मग जबडा सैल व्हायला लागला. आधी एक बोट जाईल एवढा, मग दोन. डॉक्टर म्हणाले, आता थोड्या दिवसांत नळी बंद करून बघू. खोलीचे पडदे अर्धे उघडले.

रविवारी इनास आला, चर्चमधली मिस्सा आटोपून, पांढऱ्या शर्टात. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. त्याची वाडी माझ्या वाडीला लागून. वैशाली जेवायला गेली होती आणि मथुरा घरी. मी त्याला खुणेने विडा मागितला.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण आमच्याकडे पान खाणं म्हणजे चैन नव्हे. नवीन खुडा निघाला की पहिलं पान वाडीच्या मालकाने चावून बघायचं, तिखटपणा पारखायचा, मग जुड्या बांधायच्या. माझ्या वडिलांनी शेवटच्या दुखण्यात, अन्न सुटलं तरी, पान सोडलं नव्हतं. तोंड उघडलं आणि तोंडात पान नाही, म्हणजे मी अजून बरा झालेलो नाही, असं माझं मन मला सांगत होतं.

"येडा झालास काय?" इनास म्हणाला. "डॉक्टर मना हाणील."

मी हात जोडले. हात तेव्हा नुकते जुळायला लागले होते.

"अरे, हात काय जोडतोस! मी काय आल्तारवरचा संत हाय?" तो उठला, दार बघितलं, खिशातून स्वतःची चंची काढली. "थोडंसं. गिळायचं नाय. चघळ आनि थूक." काथ, चुना लावून त्याने पानाचा तुकडा माझ्या गालात ठेवला आणि स्टीलची वाटी हनुवटीखाली धरून बसला, लहान मुलाला भरवावं तसा.

थोडा रस घशात गेलाच. मी खोकलो, पुष्कळ खोकलो. इनास घाबरून पाठ चोळत राहिला. मग थांबलं. त्याने वाटी धुतली, माझे ओठ पुसले आणि म्हणाला, "मथुराला कललं तर आपन दोगं मेलो."

मी सुखाने झोपलो.

सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीने कफ ओढला आणि ती थांबली. मशीनच्या बाटलीत लाल होतं. नळीच्या कडेला, गळ्याच्या पट्टीवरही लाल डाग होता.

"अप्पा, हे रक्त आहे."

मी मान हलवली, नाही. तोंड उघडून जीभ दाखवली. ती रंगलेली होती. बोटाने पान दुमडून गालात ठेवल्याची खूण केली. तिला कळायला वेळ लागला नाही.

"कुणी दिलं? इनासकाकांनी?" तिला आधी हसू आलं. मग तिने पट्टीवरचा डाग पुन्हा बघितला. खिडकीशी नेऊन बघितला. "पण अप्पा, पानाचा रंग असा नसतो. हे ताजं वाटतंय. मी सिस्टरना सांगते."

मी तिचं मनगट धरलं.

इथे मला नीट लिहायचं आहे. माझा जोर फार नव्हता, तिने सहज सोडवून घेतलं असतं. पण मी सासरा होतो आणि ती नवी सून. मी मान हलवत राहिलो, नाही, नाही. हे पान आहे, पानच आहे, हे मला खरंच वाटत होतं. आणि ते नसेल अशी भीतीही मला त्याच वेळी वाटत होती. दोन्ही खरं आहे. सिस्टर रागावतील, इनासला येऊ देणार नाहीत, मथुरा गावभर करेल, नळी काढायचं पुढे जाईल, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी तिच्यापुढेही हात जोडले.

ती उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. पण पुन्हा दिसलं तर मी तुमचं ऐकणार नाही." तिने पट्टी बदलली, बाटली धुतली.

त्या सकाळी वैशालीने जे पाहिलं ते रक्त आहे हे तिने ओळखलं होतं. मी तिला गप्प केलं. बस, एवढंच आहे.

घरच्यांना माझं सांगणं आहे. नळीच्या आसपास लाल काहीही दिसलं, अगदी थोडं, तरी लगेच सांगा. पान असेल, बीट असेल, काहीही असेल. फार तर बोलणी बसतील. रोगी हात जोडेल, डोळ्यांत पाणी आणेल. त्याचं ऐकू नका.

दुपार

दुपारी मला खोकल्याची उबळ आली आणि छातीवर काहीतरी ऊन सांडलं. पोटात घालायचं दूध सांडलं असं मला वाटलं. मग मी वैशालीकडे बघितलं. तिचा फिकट पिवळा ड्रेस पुढून लाल झाला होता.

ज्या खोलीत इतके दिवस सगळे कुजबुजत होते त्या खोलीत ती जिवाच्या आकांताने ओरडली, "सिस्टर!" आणि ओरडतानाच तिने मशीन चालू केलं. रक्त श्वासाच्या नळीत जात होतं. मी बुडत होतो, पलंगावर, कोरड्या जागी. ती ओढत राहिली. त्यातही ती आधी म्हणाली, "अप्पा, आता खोकला येईल."

तरुण डॉक्टर धावत आले. त्यांनी भोकाच्या कडेने बोट आत घातलं आणि दाबून धरलं. ते बोट त्यांनी काढलं नाही. पलंग तसाच ढकलत ऑपरेशनच्या खोलीकडे नेला, डॉक्टर बाजूने वाकून चालत होते. वैशाली दुसऱ्या बाजूने नळी धरून होती. दाराशी तिला थांबवलं, तिथपर्यंत मला आठवतं.

रक्त पाहिजे होतं आणि तेव्हा इथे रक्तपेढी नव्हती. शेखर मोटरसायकलवर भुईगावला गेला. पानाच्या करंड्या भरून टेंपो बाजारात निघाला होता. गावातल्या लोकांनी करंड्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या आणि माणसं चढली. इनास आणि त्याचे दोघे मुलगे, आमच्या आळीतले चारपाच, वाटेत गास गावातून मथुराचा भाऊ. कुणाकुणाचं रक्त मला चढलं ते ठाऊक नाही. नंतर इनास म्हणायचा, "तुझ्यात आता किरिस्तांव रक्त हाय. रविवारी मिस्साला येत जा, पुढच्या बाकावर बस."

नळीच्या टोकाने घासून घासून आतली एक शीर झिजली होती. बऱ्याच वर्षांनी मी त्या डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं, पानामुळे झालं का? ते म्हणाले, "पानाने नाही. खोकल्याने थोडी घाई झाली असेल, तेही सांगता येत नाही. पण सकाळी कळलं असतं तर आम्ही तयारीत असतो, तुम्हाला तेव्हाच आत घेतलं असतं." मग म्हणाले, "तुमच्या सुनेने ते मशीन सोडलं असतं तर माझं बोट पोचेपर्यंत तुम्ही राहिला नसता."

गावाच्या गोष्टीत हे वाक्य नाही.

आवाज

मी आत होतो तेव्हा बाहेर काय झालं ते मला मागाहून कळलं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून येत होतं? वैशाली म्हणाली, सकाळी थोडं दिसलं होतं. मग सांगितलं का नाही? ती काही बोलली नाही. मथुरा तिथेच होती. ती म्हणाली, "हिने बघितलं आणि धुऊन टाकलं? म्हणजे हिच्याच हातून लागलं असणार." तरीही वैशाली बोलली नाही.

मी वाचलो. पुढे नळी निघाली. डॉक्टरांनी भोकावर बोट ठेवून सांगितलं, बोला काहीतरी. मी म्हणालो, "मथू." घोगरा, फाटका आवाज. लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत मी तिला तसं म्हणायचो, नंतर सुटलं होतं. मथुराने पदर तोंडाला लावला. वैशाली पलंगाच्या पायथ्याशी होती. तीही माझ्याकडे बघत होती. आणखी काहीतरी ऐकायचं आहे असं बघत होती.

घरी आल्यावर बघायला माणसं यायची. मथुरा गोष्ट सांगायची. मी बाजूला खाटेवर. "तुम्ही बोलू नका, घशाला ताण पडेल," असं सगळे म्हणायचे, आणि मी बोलायचो नाही. सुरुवातीला खरोखर त्रास व्हायचा. नंतर होत नव्हता. मरणाच्या दारात असताना मी विड्यासाठी हात जोडले, हे सांगायची लाज होती. इनासला मथुराने घराची पायरी चढू दिली नसती, ही भीती होती. उद्या सांगू असं म्हणत राहिलो. मग गोष्ट पक्की झाली आणि ती मोडायची म्हणजे मथुरालाही गावात खोटं पाडायचं, असं नवीन कारण मला मिळालं.

इनास एकदा बांधावर बसून म्हणाला, "मी पाद्रीकडं कुमसार केला रे दामू, पाप सांगून मोकला झालो. तू कुनाकडं जानार?"

"बघू," मी म्हणालो.

"माझं नाव घे हवं तर. मथुरा काय करील, झाडू मारील. सांगून टाक."

तो गेला तोपर्यंत मी सांगितलं नव्हतं.

शेखर आणि वैशालीने वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. स्टेशन जवळ पडतं, असं सगळ्यांनी म्हटलं. गणपतीला, दिवाळीला दोघं यायची. एका गणपतीत मथुराला ताप होता. वैशालीने गोळी आणि पाणी पुढे केलं. मथुराने पेला घेतला, खाली ठेवला, आणि ती आत गेल्यावर मला म्हणाली, "तुम्ही द्या गोळी." दार उघडंच होतं.

मथुराचा घसा

मग मथुराच्या गळ्याला गाठ आली. गलगंडासारखी, आत वाढणारी. काढावी लागेल, आणि कदाचित थोडे दिवस श्वासासाठी गळ्यात नळी ठेवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. घरी आलो. ओट्यावर बसल्यावर म्हणाली, "वैशालीला सांगू नका. नळी बसली तर माझ्या उशाशी ती नको. नर्स ठेवा."

बरं, ठेवू, म्हणालो असतो तर चाललं असतं. इतकी वर्षं तसंच चाललं होतं. पण नळी गळ्यात असताना उशाशी कोण आहे यावर काय अवलंबून असतं हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. मथुरा त्या पलंगावर आवाजाविना पडणार, आणि ज्या एका माणसाला मुक्या रोग्याची भाषा येते त्यालाच तिने दाराबाहेर ठेवायचं, तेही माझ्या खोट्यापायी.

ती मोगरा निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं, क्रमाने. विडा, वाटी, जीभ, मनगट, जोडलेले हात.

तिची बोटं चालत राहिली, मग थांबली.

"इनासने दिला?"

"मी मागितला."

"माझ्याकडे का नाही मागितला?"

तिने सुपातली फुलं पुन्हा टोपलीत ओतली, निवडलेली आणि न निवडलेली एकत्र. "मी त्या पोरीला सगळ्यांदेखत..." म्हणाली आणि उठून आत गेली. स्वयंपाक केला, मला वाढलं, माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर म्हणाली, "एव्हरशाईनला फोन लावा."

फोन शेखरने घेतला. आधी मला त्याच्याशी बोलायचं होतं. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "अप्पा, त्या आठवड्यात मी तिला रोज विचारायचो. का लपवलंस, का लपवलंस. ती रडायची. मला सुद्धा नाही सांगितलं तिने. मी... जाऊ दे." त्याने फोन वैशालीकडे दिला.

मथुराने रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "वैशाली, मी बोलते. माझं घशाचं ऑपरेशन आहे. तू येशील? नर्स मिळते म्हणतात. मला नर्स नको."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मथुरा नुसती हं, हं म्हणत होती आणि पदराने फोन पुसत होती.

रुग्णालयात

आधीच सांगून टाकतो, मथुराचं ऑपरेशन नीट झालं. नळी बसवावी लागलीच नाही. पण ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी तिला दाखल केलं आणि वैशाली ऑफिसातून परस्पर आली, खांद्याला मोठी पिशवी. तिच्या केसांत आता पांढरं दिसतं. तिने चादर सारखी केली, तांब्या हाताशी ठेवला, पलंगाचा दांडा हलवून बघितला. मी खिडकीशी उभा होतो. माझ्याकडे तिने एकदा बघितलं. मी काय म्हणायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. प्रत्यक्षात, "वैशाली, मी यांना सांगितलंय," एवढंच निघालं.

"शेखर म्हणाला," ती म्हणाली.

मथुराने तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. "तू का नाही बोललीस गं? एवढी वर्षं?"

"तुम्ही विचारलं कुठे, आई? सगळे मला सांगतच होते, काय झालं ते."

"तरी पण."

"अप्पांना तेव्हा आवाज नव्हता," वैशाली म्हणाली. ती माझ्याकडे न बघता बोलत होती, रागाने नाही, जशी गोष्ट आहे तशी. "मला वाटलं, त्यांच्या मागे आपण का बोलायचं. आवाज आला की सांगतील ते."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"मग आवाज आला," वैशाली म्हणाली. तिने पिशवीतून टॉवेल काढला आणि त्याची घडी घालायला लागली. त्याची घडी आधीच घातलेली होती.

मी तिच्याजवळ गेलो. माफ कर, असं म्हणालो. हा शब्द मी तिला कधी म्हणालो नव्हतो, मथुरालाही कधी म्हणालो नव्हतो. तिने मान खाली घातली आणि माझ्या शर्टाची सुटलेली गुंडी दाखवून म्हणाली, "अप्पा, ही लावा."

मी लावली.

"तुम्ही बाहेर बसा बघू," मथुरा म्हणाली. "आम्हाला बोलायचंय."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. दार लोटलेलं होतं. आतून मथुराचा आवाज येत होता, थांबत थांबत. मग कुणीतरी नाक ओढलं. कोण ते कळलं नाही. त्यानंतर मथुरा काहीतरी म्हणाली आणि वैशाली मोठ्याने हसली, मथुराही हसली, आणि माझं नाव आलं. काय म्हणाल्या ते मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून पाय जवळ घेतले आणि त्या बोलावतील तोवर तिथेच बसून राहिलो.